चेहऱ्यासाठी १३५ एमएम

कॅननची ‘ईएफ १३५ एमएम एफ/२ एल’ ही लेन्स १९९६ साली आली. तिला झूम नाही, तरी चेहरे टिपणाऱ्यांना ती अजून हवीहवीशी वाटते. मला त्याचं खरं कारण अंतरात दिसतं. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर डोकं आणि खांदे चौकटीत बसवायला सुमारे दोन मीटर मागे जावं लागतं. तेवढ्यावरून नाक मोठं दिसत नाही, कान मागे ओढल्यासारखे वाटत नाहीत. मोबाइल जवळ धरला की नेमकं हेच बिघडतं.

शिवाय एफ/२ वर एफ/४च्या चौपट प्रकाश आत येतो. लग्नाच्या मांडवात संध्याकाळी फ्लॅशशिवाय निभावतं आणि मागची गर्दी, झालर, दिवे मऊ रंगांत विरघळतात.

पण दोन मीटरवर एफ/२ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो. माणूस जरा तिरका बसला की एक डोळा रेखीव, दुसरा पुसट. अशा वेळी जवळच्या डोळ्यावर फोकस धरा आणि एफ/२.८ किंवा एफ/४वर या. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन नाही, म्हणून शटर १/२०० सेकंदाहून संथ नको. वजन ७५० ग्रॅम.

सर्वांत मोठी अडचण जागेची. उभा माणूस नखशिखांत घ्यायला साडेसात मीटर मागे सरावं लागतं. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तर बारा. आपल्या दिवाणखान्यांत ते जमणारं नाही. कॅमेरा लहान सेन्सरचा असेल, तर ८५ एमएम एफ/१.८ घ्या. ती हलकी आहे, स्वस्तही आहे आणि चौकट जवळपास तीच देते.