कुंडीत कन्हार नको, मटासी घ्या

रायपूरच्या गच्चीवर वांगी, टोमॅटो लावणाऱ्यांनी शेतातली काळीभोर कन्हार माती नुसतीच कुंडीत भरू नये. धानाला ती उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. कुंडीत नेमके तेच नडते. शेतात जास्तीचे पाणी खालच्या थरांत उतरत जाते. कुंडीत माती वीत-दीड वीत खाली संपते आणि बारीक छिद्रांतले पाणी केशाकर्षणामुळे तळाशीच अडते. मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. तळाला खडी घालूनही हे टळत नाही; उलट ओला थर मुळांच्या आणखी जवळ सरकतो.

त्यापेक्षा पिवळसर, हलकी मटासी माती बरी. एकटी ती उन्हात कडक होते, म्हणून दोन भाग मटासीत एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग भाताचे तूस मिसळा. इथल्या राइस मिलमध्ये तूस मुबलक मिळते. त्यात सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजते, माती पोकळ ठेवते. अर्धवट जाळून काळे केलेले तूस अधिक चांगले. पांढरी राख मात्र बेताने, ती अल्कधर्मी असते. दुरून आलेल्या कोकोपीटवर पैसे घालवायची इथे गरज नाही.

मे महिन्यात पारा 45 अंशांकडे जाऊ लागला, की वर पाचोळ्याचे आच्छादन घाला आणि पाणी सकाळीच द्या.