शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना हे अवश्य सांगा

औंढा नागनाथ परिसरातील ज्येष्ठांना मोठ्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा हिंगोली, परभणी अथवा नांदेड गाठावे लागते. निघताना एक्स-रे आणि रक्ताचे अहवाल आपण आठवणीने पिशवीत ठेवता; घराण्यातील एखादी जुनी हकिकत मात्र सांगायची राहून जाते. भूलतज्ज्ञांना तीही तितकीच मोलाची असते.

संपूर्ण भूल देताना झोपेच्या औषधासोबत अनेकदा स्नायू शिथिल करणारे औषधही देतात. त्यामुळे श्वासनलिकेत नळी घालणे सुकर होते. या काळात श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणून रुग्णाला यंत्राद्वारे श्वास दिला जातो.

ही औषधे सारखी नसतात. सक्सिनिलकोलीन मिनिटभरात काम करू लागते आणि साधारण ५ ते १० मिनिटांत उतरते, कारण रक्तातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचे विघटन करते. हे विकर जन्मतः सदोष असल्यास तोच परिणाम कित्येक तास टिकू शकतो. भारतात हा आनुवंशिक दोष आर्य वैश्य समाजात अधिक आढळला आहे, आणि या समाजाची कुटुंबे मराठवाड्यातही आहेत. मात्र घाबरण्याचे कारण नाही. एरवी या दोषाचा त्रास जाणवत नाही आणि आधी कळल्यास दुसरे औषध निवडता येते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या किंवा पक्षाघात झालेल्या रुग्णांतही सक्सिनिलकोलीन टाळतात. त्याने रक्तातील पोटॅशियम एकाएकी वाढू शकते.

व्हेक्युरोनियम आणि रोक्युरोनियम यांचा निचरा यकृत व मूत्रपिंडांवर अवलंबून असतो. म्हणून उतारवयात त्यांचा परिणाम लांबू शकतो. अ‍ॅट्राक्युरियम बरेचसे रक्तातच आपोआप विघटित होते. त्यामुळे मूत्रपिंडे दुबळी असलेल्यांसाठी ते सोयीचे ठरते. या तिन्हींचा उरलेला परिणाम निओस्टिग्मिन देऊन उतरवता येतो.

औषधाची निवड भूलतज्ज्ञांनीच करायची असते. माहिती पुरवणे आपल्या हाती आहे. घरातील कोणाला शस्त्रक्रियेनंतर श्वास परत येण्यास विलंब झाला होता का? मूत्रपिंड वा यकृताचा विकार आहे का? पक्षाघात होऊन गेला आहे का? विस्मरणासाठी गोळ्या चालू आहेत का? अलीकडे कीटकनाशकाची विषबाधा झाली होती का? ही उत्तरे एका कागदावर लिहून अहवालांसोबत ठेवा. रुग्णाला स्वतः सांगणे जमत नसेल, तर सोबत जाणाऱ्याने ती न विचारता सांगावीत.