कॅरॅव्हॅनचे जॅक : कारागिरांनी आणि मालकांनी ध्यानात घ्यावे असे काही

गोरेगावच्या फिल्मसिटीत आणि अंधेरीच्या रस्त्यांवर उभ्या असलेल्या व्हॅनिटी व्हॅन आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. आता झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या कॅरॅव्हॅनही कुटुंबे भाड्याने घेतात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाडीत वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, गाद्या, पडदे असे सगळेच लागते, आणि या धंद्यांत आपले कारागीर बरेच आहेत. गिऱ्हाईक पडद्याच्या रंगावर तासभर घालवते, खालच्या जॅकबद्दल मात्र विचारीत नाही.

मुक्कामाची जागा सपाट मिळतेच असे नाही. चाकांमधले अंतर १२ फूट धरले, तर केवळ २ अंशांच्या उतारावर पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे ५ इंचांचा फरक पडतो. मग झोपणारा माणूस एका बाजूला घसरतो, मोरीचे पाणी उलटे जाते, आणि गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर तो नीट थंड करीत नाही, पुढे बिघडतोही.

जॅक दोन जातींचे. कोपऱ्यांवरचे कात्री जॅक फक्त गाडीचे हलणे थांबवतात. त्यांनी वजन उचलू नये. हायड्रॉलिक जॅक गाडी समतल करतात, पण त्यांनाही मर्यादा आहे. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची चाके जमिनीवरून सुटली की ब्रेक निरुपयोगी, आणि आत मुले झोपलेली असतानाही गाडी उतारावरून सरकू शकते. म्हणून जास्त उतारावर आधी खालच्या बाजूच्या चाकांखाली लाकडी फळ्या घालून गाडी त्यांवर चढवावी, चाकांना ठोकळे लावावेत, पाणसळ जमिनीवर म्हणजे गाडीच्या फरशीवर ठेवून पाहावी, आणि उरलेला थोडा फरक तेवढा जॅकने काढावा. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही शिरू नये, मेकॅनिकने तर नाहीच.

कोकणात पावसाळ्यात जॅकचा पाय चिखलात रुततो. त्याखाली जाड, रुंद फळी हवी. विटा नकोत, त्या फुटतात.

आता कारागिरांसाठी. जॅकचे ब्रॅकेट चॅसिसलाच बसवा. बॉडीच्या पत्र्याला किंवा फरशीला बसवले तर जोड उकलतात आणि दारे अडकू लागतात. चॅसिसला मन मानेल तिथे भोके पाडणे किंवा वेल्डिंग करणे धोक्याचे आहे, कंपनीची सूचना आधी पाहावी. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायचा तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ कडेही लक्ष हवे. माल तोंडी हमीवर देणे आम्हा कापडवाल्यांना चालून जाते, इथे कागद पक्का लागतो.

जॅक खाली राहिलेले असतानाच गाडी सुरू करून निघाले, तर जॅक वाकतो आणि ब्रॅकेट उपटते. ड्रायव्हरसमोर लाल दिवा आणि बझर बसवून द्यावा. खर्च थोडाच येतो. गाडी ताब्यात देताना मालकाकडून एकदा जॅक खाली-वर करवून घ्या, आणि दोन फळ्या गाडीतच ठेवून द्या.