डायमंड हेड : पायातला दगड

मंडळी, देवळाचा कळस लांबून दिसतो. पायातला दगड कुणाला दिसतो? गाण्याच्या जगातही तसेच आहे. विजेच्या गिटारीचा आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवायचा अन् जोडीला ढोलांचा दणका द्यायचा, या संगीताला ‘हेवी मेटल’ म्हणतात.

इंग्लंडातल्या स्टाउरब्रिज गावी १९७६ साली ‘डायमंड हेड’ हा बँड निघाला. कंपन्या दाद देईनात, म्हणून १९८० साली पोरांनी पहिली तबकडी स्वतःच काढली, साध्या पांढऱ्या वेष्टणात. पुढे मोठी कंपनी लाभली, पण जम बसला नाही. १९८५ साली बँड मोडला.

मात्र १९८१ साली त्यांना ऐकायला लार्स उलरिख हा तरुण अमेरिकेहून आला होता. त्याच वर्षी त्याने ‘मेटॅलिका’ उभारली. ती जगभर गाजली आणि तिने डायमंड हेडची चार गाणी ध्वनिमुद्रित केली.

शिष्य पुढे जातो, गुरूचे नाव मागे राहते. गुरुजी, हे तुम्हांला मी काय सांगावे?