जमीन विकण्याआधी विचारायचे प्रश्न

तीन वर्षांचं पोर खेळता खेळता लंगडायला लागतं. ताप येतो-जातो, रंग उतरतो, पोटाला एका बाजूला टणक लागतं. नांदेड-लातूरकडच्या खेड्यात अशा पोराला बहुधा आधी जंताचं औषध मिळतं, मग टॉनिक, कधी टीबीच्या गोळ्या. डोळ्यांभोवती मार लागल्यासारखे काळेनिळे डाग उमटले की आजी दृष्ट काढते. सोनोग्राफीत गोळा दिसेपर्यंत महिना-दोन महिने गेलेले असतात. मग कुणीतरी सांगतं, "टाटाला न्या."

या गोळ्याचं नाव न्यूरोब्लास्टोमा. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीत किंवा पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या साखळीत तो वाढतो. बहुतेक रुग्ण पाच वर्षांच्या आतले असतात, आणि जवळपास निम्म्यांत निदान होतं तेव्हाच तो हाडांत, अस्थिमज्जेत पसरलेला असतो. रोग मोठा लहरी आहे. तान्ह्या बाळात काही वेळा तो औषधाविना विरून जातो. दीड वर्षाच्या पुढच्या मुलात पसरलेला सापडला, तर बालकर्करोगांतल्या सर्वांत चिवट रोगांत त्याची गणना होते. मायसीएन या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतील तर लहान वयाची सवलतही उरत नाही.

मराठवाड्याला कर्करोगाचे उपचार अगदीच दूर नाहीत. लातूरला 1966 साली सुरू झालेलं विवेकानंद रुग्णालय आहे, शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे, संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पण लहान मुलाच्या पसरलेल्या न्यूरोब्लास्टोमाला किमो, शस्त्रक्रिया, प्रत्यारोपण आणि रेडिएशन हे सगळं एका धाग्यात ओवणारी तुकडी लागते. म्हणून नंदीग्राम किंवा देवगिरी एक्स्प्रेस पकडून मुंबई.

मुंबईत 'स्टेम सेल' हे शब्द कानावर पडले की आईबापांना वाटतं, आता खरा इलाज सुरू होणार. समजुतीचा घोटाळा इथेच होतो. कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली टाटा रुग्णालयात अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं, ते रक्ताच्या कर्करोगाच्या एका नऊ वर्षांच्या मुलीवर, आणि मज्जा होती तिच्या भावाची. न्यूरोब्लास्टोमात दाता कुणीच नसतो. मुलाच्याच मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, काढायच्या आणि त्यालाच परत द्यायच्या. पेरणीआधी बियाणं बाजूला काढून ठेवावं, तसा हा प्रकार.

चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळपेशी मज्जेतून रक्तात उतरवतात. मग मशीन रक्त ओढून तेवढ्या पेशी वेगळ्या काढतं. पोर दहा-बारा किलोचं असेल तर मशीनच्या नळ्या आधी दुसऱ्याच्या रक्ताने भरून घ्याव्या लागतात, नाहीतर त्याचं स्वतःचं रक्त नळ्यांतच अडकायचं. पेशी गोठवून ठेवतात. त्यानंतर मेल्फालनसारख्या औषधाचा इतका जबर डोस देतात की मज्जा करपून जाते. ते औषध चढताना मुलाला बर्फ चोखायला देतात, म्हणजे तोंडात फोड कमी येतात. पेशी परत देतात तो 'शून्य दिवस'. गोठवताना वापरलेल्या रसायनाचा लसणासारखा वास खोलीभर पसरतो. पांढऱ्या पेशी पुन्हा उगवायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि तेवढ्या काळात साधा जंतुसंसर्गही जिवावर बेतू शकतो.

म्हणजे रोगाशी लढतं ते औषध; मूळपेशी फक्त मुलाला त्या औषधातून वाचवतात. फायदा किती? 1999 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत तीन वर्षांनी रोग न उलटलेली मुलं प्रत्यारोपण-गटात शंभरांत 34 होती, नुसत्या किमोच्या गटात 22. फरक खरा, पण चमत्कार नव्हे. पुढे आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आणि रोगाच्या पेशींना चिकटणारं जीडी-2 प्रतिपिंड यांची जोड मिळाली, आणि श्रीमंत देशांत पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास पोचलं. प्रतिपिंडाची किंमत आपल्याकडच्या बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेर आहे. भारतातले आकडे याहून कमी आहेत, आणि त्यामागे उशिरा निदान आणि अर्धवट सोडलेले उपचार यांचा वाटा मोठा आहे.

माझं मत स्पष्ट आहे: सुरुवातीच्या किमोने रोग नीट हटला नसेल तर प्रत्यारोपणासाठी दोन एकर विकू नयेत. डॉक्टरांना आधी विचारावं: मज्जा स्वच्छ झाली का? रोग अंगात कुठे उरलाय ते दाखवणाऱ्या एमआयबीजी स्कॅनमध्ये किती डाग उरलेत? प्रत्यारोपणानंतर काय देणार, आणि त्याचा खर्च कोण करणार? उत्तर कडू निघालं तर वेदना शमवणारे उपचार मागणं म्हणजे हार मानणं नव्हे. पण गोळा चांगला विरघळला असेल, तर घरी पेरणी खोळंबली म्हणून मधेच गावी परतू नये.

खर्चाचा भार हलका करणारी सरकारी राजीव गांधी जीवनदायी योजना 2 जुलै 2012 रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होता. आज ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. मुंबईत राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे, मुलांसाठी सेंट ज्यूडची मोफत केंद्रं आहेत. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट मिळते. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र रुग्णालयातूनच घ्यावं लागतं. पहिल्याच भेटीत मागून घ्या.