नव्वद टक्क्यांच्या पुढे

कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर रुळांवरून साधारण 54 किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एवढा पल्ला तो मिलिसेकंदाच्या जेमतेम पाव भागात गाठतो. तरीही रात्री नऊच्या सुमारास डोंबिवलीतल्या एखाद्या सोसायटीत व्हिडिओ कॉल सुरू असतो आणि समोरचा चेहरा तोंड उघडं ठेवून गोठतो. दोन्हीकडून "हॅलो, आवाज येतोय का?" सुरू होतं. प्रकाश काही मुंब्र्याला अडकलेला नसतो. वेळ जातो तो रांगेत.

इंटरनेटवरची माहिती छोट्या तुकड्यांनी, पॅकेटांनी, जाते. मोठं पॅकेट साधारण 1500 बाइटचं, म्हणजे 12 हजार बिटांचं. वाहिनी सेकंदाला 1.2 कोटी बिट वाहून नेणारी, म्हणजे 12 एमबीपीएसची असेल, तर एक पॅकेट बाहेर पडायला एक मिलिसेकंद लागतो. तेवढ्यात दुसरं आलं तर ते राउटरच्या मेमरीत थांबतं, तिसरं त्याच्या मागे. आता समजा, पॅकेटं केव्हाही येतात आणि लहानमोठी आहेत. सरासरी काम एक मिलिसेकंदाचं. वाहिनी निम्मा वेळ कामात असेल तर प्रत्येक पॅकेटाचे सरासरी दोन मिलिसेकंद जातात. ती 80 टक्के भरली की पाच. 90 टक्क्यांना दहा, 95 टक्क्यांना वीस. आणि 99 टक्क्यांना शंभर! शेवटच्या चार टक्क्यांनी विलंब पाचपट केला.

असं का व्हावं? पॅकेटं एकसारखी असती आणि ठरल्या अंतराने आली असती, तर वाहिनी काठोकाठ भरेपर्यंत रांग लागलीच नसती. पण ती झुंडीने येतात, मग काही क्षण कोणीच येत नाही. तो रिकामा क्षण पुढच्या झुंडीसाठी साठवून ठेवता येत नाही. तो वाया जातो. झुंडीची रांग मात्र मागे उरते. वाहिनीत मोकळीक असेल तर ती लवकर ओसरते. मोकळीक नसेल, तर पहिली रांग संपायच्या आत दुसरी झुंड येऊन थडकते.

हे गणित इंटरनेटच्या कितीतरी आधीचं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारूप एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1909 मध्ये फोन कॉलच्या येण्याला संभाव्यतेचे नियम लावून दाखवले. एवढ्या गिऱ्हाइकांना किती लाइनी पुरतील, हा त्याच्यापुढचा रोकडा प्रश्न. आपल्याकडे ट्रंक कॉल बुक करून तास न् तास फोनजवळ बसलेली पिढी अजून आहे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर मोजून तेव्हा रांगेत पुढे जाता येई. गणितात याला अग्रक्रमाची रांग म्हणतात. पुढे लेनर्ड क्लाइनरॉक यांनी 1962 च्या एमआयटीतल्या प्रबंधात हे गणित संदेशांच्या जाळ्याला लावलं. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश 29 ऑक्टोबर 1969 रोजी त्यांच्याच प्रयोगशाळेतून निघाला.

ठाणे-कल्याणकरांना हे समजावायला फळा लागत नाही, दिवा स्टेशनचं रेल्वे फाटक पुरतं. त्या फाटकाने वर्षानुवर्षं मध्य रेल्वेचं वेळापत्रक खाल्लं. रिक्षा, टेम्पो, दुचाक्या दोन्ही बाजूंनी घुसतात, मधोमध एखादा टेम्पो अडकतो आणि फाटक काही पडत नाही. फाटक बंद झाल्याशिवाय सिग्नल मिळत नाही. मग मागची लोकल थांबते, तिच्या मागची थांबते. दुपारच्या विरळ वेळेत अशी दोन-तीन मिनिटं कुठे जिरली ते कळतही नाही. सकाळी आठ वाजता गाडीला गाडी लागलेली असताना त्याच मिनिटांचा फटका पार कल्याणपर्यंत आणि तासाभरानंतरच्या गाडीलाही बसतो. फाटक तेच, टेम्पोही तेवढाच. फरक फक्त मार्ग किती भरलेला होता याचा.

रांग लांबवणारी आणखी एक गोष्ट म्हणजे भेसळ. 90 टक्के भरलेल्या आपल्या वाहिनीवर पॅकेटं लहानमोठी असताना निव्वळ रांगेतला वेळ सरासरी नऊ मिलिसेकंद होता. सगळी पॅकेटं एकाच मापाची केली तर तो साडेचारवर येतो. भार तोच, रांग निम्मी. कसारा आणि कर्जतकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या कल्याणला लोकलच्या वाटेत येतात. त्यांचा वेग वेगळा, थांबे वेगळे, उशीरही वेगळा. 18 फेब्रुवारी 2022 ला ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तिचा खरा फायदा यात होता. नुसते दोन रूळ वाढले नाहीत, दोन स्वभावांच्या गाड्या वेगळ्या करता आल्या.

मग राउटरला भरपूर मेमरी दिली, एकही पॅकेट टाकून द्यावं लागलं नाही, तर बरं नाही का? इथेच अभियंते फसले. पाचशे पॅकेटं मावतील एवढी मेमरी आपल्या 12 एमबीपीएसच्या वाहिनीपुढे ठेवा. ती भरली की नवीन पॅकेट अर्धा सेकंद ताटकळणार. पॅकेट हरवणं ही पाठवणाऱ्या संगणकासाठी हात आखडण्याची खूण असते. 1986 मध्ये अमेरिकेत बर्कलीजवळ चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर कोसळला होता. त्यानंतर संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी ही हात आखडण्याची शिस्त घालून दिली. मेमरी अवाढव्य झाली की खूण उशिरा मिळते आणि तोवर रांग तुंबलेली असते. संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांना 2010 मध्ये स्वतःच्या घरच्या जोडणीवर हेच आढळलं. 2012 मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी सुचवलेला उपाय वरकरणी उफराटा वाटतो: पॅकेटं रांगेत फार वेळ राहू लागली की मुद्दाम काही टाकून द्यायची.

इंटरनेट कंपन्यांच्या जाहिरातीत एमबीपीएसचे आकडे ठळक असतात. रात्री नऊ वाजताच्या विलंबाचा आकडा मला कधी दिसलेला नाही. रिकामी वाहिनी म्हणजे बुडालेला पैसा, असं हिशेबनीस म्हणणार. गिऱ्हाईक खरं तर त्या रिकामेपणाचेच पैसे मोजत असतं. आणि वेग वाढवायचा तर तो नेमका कुठे, हेही पाहावं लागतं. रेल्वेचंच पाहा: ठाण्याच्या दोन्ही बाजूंना सहा मार्गिका झाल्या, तरी कुर्ल्याच्या पुढे मुंबईकडे पाचवी-सहावी अजून रखडलेली आहे. अरुंद जागा सरकते, नाहीशी होत नाही. घरी तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेण्याआधी एक करून पाहावं. रात्री लॅपटॉप आधी वायफायवर आणि मग थेट केबल लावून पिंग, म्हणजे संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, मोजायचा, शेजारी कोणाला तरी मोठी फाइल अपलोड करायला लावून. केबलवर आकडा शांत राहिला आणि वायफायवर उसळला, तर रांग कंपनीकडे नाही, दिवाणखान्यातल्या जुन्या राउटरपाशी लागलेली आहे.