वाटीभर विरजण

दौंडला आमच्या घरी तांब्याच्या दोन मोठ्या देगच्या होत्या. दोन्हींना कल्हई एकाच दिवशी व्हायची, पण ठेवण्याची जागा वेगळी. एक चुलीजवळ. ईदची बिर्याणी, मुहर्रमचा खिचडा तिच्यातच शिजायचा. दुसरी माळ्यावर, स्वच्छ फडक्यात बांधलेली. तिच्यात आमच्याकडे कधीही गोश्त शिजले नाही. दादी तिला कोणाला हात लावू देत नसे. मला वाटायचे, ही शीरखुर्म्याची खास देगची असेल. जरा मोठी झाल्यावर कळले की ती आमच्यासाठी नव्हतीच. शेजारी कोणाकडे हळद, बारसे किंवा एकादशीचा मोठा फराळ असला आणि मोठे भांडे लागले, तर त्यांना निःशंक मनाने नेता यावे म्हणून दादीने ती वेगळी राखली होती.

मी एकदा विचारले, "ते विचारतात का, यात काय शिजवता म्हणून?" दादी म्हणाली, "मांगनेवाले कू पूछना पडे, तो फिर दिये सो क्या दिये?"

दादी निरक्षर होती. नमाजपुरत्या सूरह तिला पाठ होत्या, त्यांत सूरह अल-माऊन होती. बी.एड. झाल्यावर, नोकरी लागल्यावर कधीतरी मी त्या सूरहचा अर्थ नीट वाचला आणि मला माळ्यावरची देगची आठवली. कुरआनची ही १०७ वी सूरह, अवघ्या सात आयतींची. सुरुवातीला त्या माणसाचे वर्णन आहे जो अनाथाला धक्के देतो आणि गरिबाला जेवू घालण्याची गोष्टही काढत नाही. मग येतात ते नमाजी, जे आपल्या नमाजीविषयी गाफील आहेत आणि लोकांना दाखवण्यासाठी करतात. आणि शेवटचा शब्द आहे माऊन, जे ते लोक कोणाला देत नाहीत. काही भाष्यकारांनी माऊनचा अर्थ जकात असा घेतला आहे. पण हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेला अर्थ अगदी घरगुती आहे: हंडी, बादली, कुऱ्हाड. शेजारीपाजारी एकमेकांकडून मागून नेतात आणि काम झाले की परत करतात, अशा वस्तू.

मी वर्गात मुलांना व्याकरण शिकवते. एखाद्या शब्दाची जागा पाहिली की त्याचे वजन कळते, हे त्यांना सांगत असते. इथे अनाथ, मिस्कीन, नमाज यांच्या रांगेत बादली आणि कुऱ्हाड येऊन बसली आहे!

दौंडचे म्हणाल तर ते गाव परक्या माणसांना सरावलेले. जंक्शन आहे. पुण्याची लाइन, सोलापूरची लाइन, मनमाडची लाइन, शिवाय बारामतीचा फाटा. पुण्याहून मनमाडमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन दौंडला एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावावे लागे. त्यात बराच वेळ जाई. अब्बा रेल्वेत होते, त्यामुळे कोणती गाडी केव्हा लागते ते आमच्या घरात सगळ्यांना पाठ. उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ आणि त्याचे दोस्त फलाटावर जायचे. ज्या बाईच्या मांडीवर मूल झोपले आहे, ज्या म्हाताऱ्याला उतरवत नाही, त्यांच्या खिडकीतून रिकाम्या बाटल्या, तांबे घ्यायचे, नळावर भरायचे आणि परत द्यायचे. कोणी पाच-दहा पैसे देऊ लागले तर घ्यायचे नाहीत, अशी अब्बांची ताकीद होती. (दोस्तांपैकी एक जण घ्यायचा. त्याच्या गोळ्या आम्ही सगळ्यांनीच खाल्ल्या आहेत.)

एकदा नळावर गर्दी होती आणि गाडी सुटली. भावाच्या हातात एक पितळी फिरकीचा तांब्या राहिला. तो डब्यामागे फलाट संपेपर्यंत पळाला. संध्याकाळी अब्बांनी तांब्या स्टेशनमास्तरांकडे जमा केला. त्यानंतर कितीतरी दिवस भाऊ रोज विचारायचा, "आले का ते न्यायला?" पाणी द्यायला गेलेला मुलगा आपल्यामुळे कोणीतरी तहानलेले गेले म्हणून रडला, हे मी पाहिले आहे. आता दौंडला कॉर्ड लाइनचे वेगळे स्टेशन झाले आहे. काही गाड्या इंजिन न बदलता तिथूनच निघून जातात, आणि पाण्याची बाटली विकत मिळते. सोयच झाली, तक्रार नाही.

सूरह अन-निसाच्या ३६ व्या आयतीत आईवडील, नातेवाईक, अनाथ, गरीब यांच्यानंतर शेजारी येतात, आणि तेही दोन प्रकारचे: जवळचा शेजारी आणि परका शेजारी. त्यांच्यापाठोपाठ येतो 'बाजूचा सोबती', मग वाटसरू. बाजूचा सोबती म्हणजे प्रवासात सोबत असणारा, असाही अर्थ अनेक भाष्यकारांनी केला आहे. म्हणजे डब्यात शेजारच्या बाकावर बसलेला माणूस. त्याचे नाव, गाव, जात आपल्याला ठाऊक नाही, तास-दोन तासांनी तो उतरून जाणार आहे, तरी त्याचा हक्क लागतो.

लग्न होऊन मी शिरूरला आले. घोडनदीच्या काठचे गाव, जुनी माणसे अजून गावालाच घोडनदी म्हणतात. इथे परकी माणसे वेगळ्या वाटेने येतात. रांजणगावच्या एमआयडीसीमुळे बिहार, ओडिशा, मराठवाड्याची पोरे खोल्या घेऊन राहतात. दिवाळीच्या आगेमागे बीडकडची ऊसतोड कुटुंबे येतात, शिवारात कोप्या पडतात. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंच्या सासऱ्यांचा नियम आहे: कोप्या पडल्या की विहिरीची मोटर पहाटे थोडा वेळ जास्त चालवायची आणि पाइपाचे तोंड रस्त्याकडे करून ठेवायचे. बायांना हंडे भरता येतात. मागायला यावे लागत नाही. ते माळकरी आहेत आणि माझी दादी त्यांना कधी भेटली नाही, पण दोघांची युक्ती एकच.

दौंड तालुक्याला हे नवे नाही. केडगावचे मुक्ती मिशन पंडिता रमाबाईंनी उभे केले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात, कुठल्या कुठल्या मुलखातून आणलेल्या निराधार मुलींसाठी. आणि यवत. संत तुकाराम महाराजांची पालखी यवतला मुक्काम करते तेव्हा गाव वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढते. हजारो अनोळखी तोंडे, आणि गावातल्या चुली त्यांच्यासाठी पेटतात. हीच पालखी देहूहून निघाल्यावर पहिल्यांदा थांबते ती अनगडशाह बाबांच्या दर्ग्याजवळ.

त्याच यवतमध्ये ऑगस्ट २०२५ च्या पहिल्याच दिवशी समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दगडफेक आणि जाळपोळ झाली. जमावबंदी लागली. शिरूरहून न्हावरे, पारगावमार्गे चौफुल्याला उतरले की यवत पुढेच आहे. दौंडला माहेरी जाताना त्या बाजूने माझे कितीदा जाणे झाले असेल. त्या आठवड्यात आमच्या इमारतीत काहीच घडले नाही. खरोखर काहीच नाही. कोणी वाकडा शब्द बोलले नाही. फक्त जिन्यात भेटल्यावर "काय म्हणता मॅडम" म्हणणारे लोक मोबाइलकडे बघत उतरू लागले. मीही तेच करू लागले. समोरच्या काकू दर गुरुवारी आमच्या छोट्याला चिवडा द्यायच्या. एक गुरुवार गेला. दुसरा गेला. छोटा म्हणाला, "काकू गावाला गेल्या का?" काकू गावाला गेल्या नव्हत्या. त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येत होत्या.

मला राग आला होता, हे लपवत नाही. वाटले, करायचे काय यांच्याशी? आपण आपले भले. मग रात्री हिशेब मांडत बसले, मास्तरीण आहे ना. काकूंकडून मी शेवटची कोणती वस्तू मागितली? आठवेना. मिक्सर आहे, शेवयांचे यंत्र आहे, शिडी नवऱ्याने आणली, कोथिंबीर फोन केला की दारात येते. दादीची माळ्यावरची देगची माझ्याच वाट्याला आली आहे. इथेही ती माळ्यावरच असते. इतक्या वर्षांत ती कोणी मागितली नाही, कारण मंडपवाला भांड्यांसकट येतो. आणि ती देण्यासाठी आहे हे मी तरी कोणाला कुठे सांगितले?

आपल्या मासिकांतून, जुम्याच्या बयानातून देण्याविषयी आपण भरपूर ऐकतो. करोनाच्या पहिल्या वर्षी इचलकरंजीच्या मुस्लिम बांधवांनी जकातीचे ३६ लाख रुपये जमवून सरकारी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारून दिला. अभिमानच वाटतो. पण देणाऱ्याचा हात नेहमी वरच राहतो. मागायला जाणे वेगळे. मागणारा सांगतो की मला तुझी गरज आहे, माझ्या घरात तुझी वस्तू चालते, तुझ्या हातचे मला वर्ज्य नाही. पैशाची मदत मागू नये, हात पसरू नये, ही शिकवण आहेच. विळी किंवा मूठभर मेथी मागणे त्यात येत नाही. ती मागायला कोणी गेलेच नाही, तर माऊन द्यायचे कोणाला?

हजरत आयेशा (रजि.) यांनी विचारले होते की मला दोन शेजारी आहेत, भेट कोणाला पाठवू? प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले, ज्याचे दार तुझ्या अधिक जवळ त्याला. माप दाराचे घ्यायचे. हजरत अब्दुल्लाह इब्ने अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले की आपल्या यहुदी शेजाऱ्याला पाठवले का. आमच्या घराच्या सर्वांत जवळचे दार काकूंचे. मध्ये साडेतीन पावले आणि चपलांचा स्टँड.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी दूध तापवले आणि पाहिले तर विरजण संपलेले. खरे सांगायचे तर संपलेले नव्हते, तळाशी चमचाभर होते. ते मी खाऊन टाकले. वाटी घेतली आणि बेल वाजवली. दिवेलागण होऊन गेली होती. तिन्हीसांजेनंतर दही, मीठ घराबाहेर देऊ नये असे बरेच जण मानतात, आमच्या मुस्लिम घरांतूनही तो वहम शिरला आहे. मला हे दारात उभी राहिल्यावर आठवले. म्हटले झाले, आता नाही म्हणायला कारणही आपणच दिले.

काकूंनी दार उघडले. वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

"विरजण होतं का थोडं?"

"ये की आत. दारात काय उभी?"

त्या आत गेल्या. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर आल्या तेव्हा हातात माझी वाटी नव्हती, त्यांचा मोठा वाडगा होता, घट्ट सायीच्या दह्याने भरलेला. म्हणाल्या, "मला वाटलं, आता आमच्याकडचं तुम्हांला चालणार नाही."

मी म्हणाले, "आणि मला वाटलं तुम्हीच देणं बंद केलं."

दोघींपैकी कोणीच यवतचे नाव काढले नाही. काकूंचे डोळे भरले होते की फ्रीजच्या उजेडाने तसे वाटले, मला सांगता येणार नाही. मग त्यांनी सुनेच्या ॲसिडिटीचा विषय काढला आणि तो अर्धा तास चालला.

सगळेच काही असे सुरळीत झालेले नाही. वरच्या मजल्यावरच्या एका घराचे दार आमच्यासाठी अजून तसेच आहे. त्यांच्याकडे मी सुई मागायला गेले होते. सुई मिळाली, दाराची साखळी मात्र निघाली नाही. दोन दिवसांनी सुई परत करायला गेले, तेव्हा मुलगी म्हणाली, ठेवा तुमच्याकडेच. मी ठेवली नाही. पुन्हा जाईन.

काकूंचा वाडगा परत करायचा होता. आमच्या दोघींच्याही घरची रीत आहे की आलेले भांडे रिकामे धाडायचे नाही. मी त्यात गुळाची पोळी ठेवली. चार दिवसांनी वाडगा परत आमच्याकडे आला, लसणाची चटणी घेऊन. तेव्हापासून तो नक्की कोणाचा, हे छोट्याला विचारले तर तो गोंधळतो. गेल्या रविवारी काकू नातवाच्या बारशाचे सांगायला आल्या होत्या. साठ-सत्तर माणसे होतील म्हणाल्या, घरच्या घरीच करायचे आहे, मसालेभात आणि शिरा. जाताजाता दारात थांबल्या.

"तुझ्याकडे मोठं भांडं आहे का गं एखादं?"

मी नवऱ्याला शिडी काढायला सांगितली.